महिनाभर न धुवायची चादर

मी चादर आहे. कडेची शिवण उसवलेली, मधोमध विटलेली. माझ्यावर कितीतरी जीव निजले, पण माझं म्हणणं कुणी विचारलं नाही. आज गप्प बसवत नाही, म्हणून सांगते.

माझी मालकीण शिवणकाम करते. सारी गल्ली तिला ताई म्हणते. टाकून दिलेली, मार खाल्लेली कुत्री ती घरी आणते, बरी करते आणि चांगलं घर मिळालं की त्यांच्या हवाली करते. शेजारचा घड्याळवाला चिडवायचा, "ताई, घर आहे की धर्मशाळा? एखादं माणूसही ठेवा की!"

दातांत धरलेली टाचणी काढून ताई म्हणायची, "माणसं फार भुंकतात हो, काका."

अकरा कुत्री माझ्यावर वाढली. बारावी भुंडी. बंद कारखान्याच्या फाटकाला तारेनं बांधलेली सापडली. शेपूट अर्धं तुटलेलं, म्हणून हे नाव. दोन आठवडे ती शिलाई मशीनखालून हललीच नाही. मग एक दिवस आपण होऊन आली, माझ्यावर तीन गिरक्या घेतल्या आणि धपकन बसली. त्या दिवशी तिच्याकडे बघता बघता ताईनं एका गिऱ्हाइकाची बाही उलटी जोडली.

ताईची एक रीत होती. कुत्रं सोपवण्याआधी तीन रात्री ती स्वतः माझ्यावर झोपायची. तिचा घाम, मशीनचं तेल, खडूची पूड, सगळं माझ्यात मुरायचं. मग मी कुत्र्याबरोबर नव्या घरी जायची आणि महिन्यानं परत यायची. अट एकच. तोवर मला धुवायचं नाही. परक्या घरात त्या जिवाच्या ओळखीची मी एकटीच असायची.

भुंडीचं नवं घर चांगलं होतं, अगदी खरं सांगते. टपाल कचेरीत काम करणारे बाबा, त्यांची नऊ वर्षांची मुलगी आणि आजी. ताईनं बाबांना दोनदा बजावलं, "दादा, चादर धुवायची नाही हं."

"छे हो, लक्षात आहे!"

भुंडीच्या कानामागे खाजवून ताई मागे न बघता निघून गेली. निरोप लांबला की कुत्रं दाराशीच बसून राहतं, हे तिला माहीत होतं.

बाबांच्या लक्षात होतं. आजीला सांगायचं तेवढं राहून गेलं.

दुसऱ्या सकाळी आजीनं मला उचललं. "अगं बाई, नवं लेकरू घरात आलं आणि अंथरूण असं कळकट?" किती मायेनं घासलं तिनं मला! गरम पाणी, सुवासिक साबण, तेही दोनदा. वाळल्यावर पुन्हा जागेवर अंथरलं.

भुंडीनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग मागे सरून भिंतीला चिकटली आणि थरथरू लागली. अगं, मीच ती! पण मला बोलता यायचं ते वासानं, आणि तोच गेला होता. तेवढ्यात पार्सलवाला आला. दार उघडलं आणि त्याच्या पायांमधून भुंडी निसटली.

ताई धावत आली. "माझ्याच हातानं झालं गं," आजी रडत होती.

"मायेनंच केलंत हो तुम्ही," ताई म्हणाली. मला त्या घराच्या फाटकाशी अंथरून ती माझ्यावर बसली, तिचा वास पुन्हा माझ्यात भरावा म्हणून. असे तीन दिवस गेले. तिच्या स्वतःच्या घराला कुलूप.

तिसऱ्या दुपारी घड्याळवाल्याचा फोन आला. "ताई, भुंडी इथं आलीय! तुमच्या दारावर पंजे मारतेय."

सारं शहर ओलांडून ती घरी आली होती.

"काका, धरू नका! नुसते बसून राहा!"

पण काकांनी आधीच हात पुढे केला होता आणि ती बिचकून पळाली होती. आम्ही पोचलो तेव्हा बंद दारावर ताजे ओरखडे होते, पायरीवर रक्ताळलेल्या पंजांचे दोन ठसे, आणि शेजारी काका डोकं धरून बसले होते.

याला आज अठरा दिवस झाले. बाबा आणि मुलगी कचेरी, शाळा सुटली की गल्ल्या पालथ्या घालतात. आजी जेवताना मध्येच थांबते. ताई आपल्या दारात माझ्यावर बसून काजं करते, आणि चपलांचा नसलेला कुठलाही आवाज आला की मान वर करते.

माणसांनो, तुमच्या मायेवर माझा राग नाही. पण एक जीव या हातातून त्या हातात देताना घरातल्या प्रत्येकाला सांगा. आणि घेणाऱ्यांनो, विचारा. तुम्हाला जी घाण वाटते, ते त्याचं सगळं घर असू शकतं.

भुंडे, साबण उतरला गं. येता आलं तर ये. नाहीच जमलं, तर कुणाच्या तरी पायरीवर निवांत निजलेली अस.