रविवारची पट्टी

त्याने वडिलांच्या पाठीवरची जुनी पट्टी सोडवली, कचऱ्याच्या पिशवीत टाकली आणि नवी लावायची सोडून जखमेजवळ नाक नेऊन हुंगलं. एकदा हुंगून समाधान झालं नाही, म्हणून पुन्हा.

औषधाची वाटी घेऊन येणारी बायको दारातच थबकली.

"अहो, काय करताय हे?"

"थांब गं. शब्द सापडत नाहीये. कुबट म्हणावं तर ओली भिंत वाटते. आंबूस म्हणावं तर पीठ. कुजकट?" त्याने खिशातून पेन काढलं आणि हातमोज्यावरच काहीतरी खरडलं.

शी! हुंगतोय काय मेला, तिच्या मनात आलं.

सासरे भिंतीकडे तोंड करून कुशीवर पडले होते. अंथरुणाला खिळल्यापासून माकडहाडाजवळ ही जखम झाली होती आणि भरायचं नाव घेत नव्हती. रोजची पट्टी सून बदलायची. रविवार तेवढा मुलाचा, कारण त्या दिवशी त्याला सुट्टी. हल्ली मुलगा कथा लिहायला लागला होता. लेखनाच्या वर्गातल्या सरांनी शब्दसंपत्ती वाढवा म्हणून सांगितलं आणि तेव्हापासून घरात साधं बोलणं म्हणून उरलं नाही. परवा मोरी तुंबली, तर म्हणाला, "अवरुद्ध झाली." उपसली बायकोने.

"संध्याकाळपर्यंत कथा पाठवायची आहे," तो म्हणाला. "स्पर्धेची शेवटची मुदत. एवढा परिच्छेद जमला की सुटलो."

"आधी पट्टी लावा. मग काय जमवायचं ते जमवा."

"अगं, प्रत्यक्ष निरीक्षण हवं, असं सर म्हणतात."

"काय लिहिलंयस ते वाच तरी," सासरे भिंतीलाच सांगावं तसे बोलले. "माझ्याच पाठीवर चाललंय ना सगळं?"

मुलाचा चेहरा खुलला. कागद आणायला तो बाहेरच्या खोलीत पळाला. जखम तशीच उघडी. परत येऊन, घसा साफ करून तो वाचू लागला.

"व्रणातून उसळणारा तो उग्र दर्प आसमंतात भरून राहिला होता. परंतु सेवापरायण स्नुषेच्या मुखकमलावर किळसेची पुसटशी छटाही कधी उमटली नाही. मंद स्मित करीत ती..."

मुखकमल! तिला त्या पट्टीपेक्षा या वाक्याची जास्त शिसारी आली. रोज पट्टी बदलून झाली की ती मोरीत जायची, नळ पूर्ण सोडायची आणि ओकायची. मग तोंड धुऊन स्वयंपाकाला लागायची. हे तिने कुणालाच कळू दिलं नव्हतं.

"खोटं आहे हे," ती म्हणाली.

"अगं, कथा आहे ती."

"कथा असली म्हणून काय झालं? मला किळस येते. रोज येते. श्वास कोंडून धरते मी, आणि कधी एकदा झाकून टाकते असं होतं."

बोलून गेली आणि मग तिला कळलं की ऐकणारा माणूस समोरच पडलाय. कुठून दुर्बुद्धी सुचली आणि तोंड उघडलं, असं तिला झालं.

"ठाऊक आहे मला," सासरे म्हणाले. "नळाचा आवाज येतो इथपर्यंत."

तिला मान वर करवेना.

"किळस येते म्हणून तू पटकन उरकतेस, पोरी. हात लागला न लागला तोच पांघरूण अंगावर. याला येत नाही. हा मला उघडा टाकून बसतो. पाठ गारठते, आग होते, आणि याचं आपलं कुबट की कुजकट."

मुलाच्या हातातले कागद खाली आले.

"बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"तू विचारलंस कुठे? हुंगलंस नुसतं."

खोलीत तो वास होताच. मग सासऱ्यांनी मान जेमतेम वळवली.

"सूनबाई, यापुढे रविवारीही तूच करत जा."

तिच्या घशाशी आंबट आलं. हा एक दिवस तरी सुटका होती.

"बरं," ती म्हणाली आणि श्वास कोंडून पुढे झाली.