पाठवाल्यांचा निकाल

छोटीने शॉकअप काउंटरवर उभा धरला आणि त्याचा दांडा तळव्याने खाली दाबला. अंगातलं सगळं वजन टाकलं तेव्हा कुठे तो दबला. हात काढल्यावर सावकाश, मिजाशीत वर आला.

"कडक आहे," ती म्हणाली.

"असणारच. व्हॅनचा आहे तो," सुट्या भागांचा दुकानदार म्हणाला. "तुमच्या गाडीची मालवाहू बहीण. बोल्ट तेच, लांबी तीच. मागे पोती टाकायची म्हणून कडक केलाय, एवढंच. ट्रॅकवाल्यांचा खास सेट घ्यायला जाल तर तेवढ्यात अर्धी गाडी येईल, ताई. हा घ्या आणि गप्प बसा. चार जणांना कळलं की मलाच भाव वाढवावा लागेल."

"आणि स्प्रिंगा?"

"आहेत त्याच राहू द्या. स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवणारे शहाणे येतात ना माझ्याकडे, त्यांना मी आधी मणक्याच्या डॉक्टरचा पत्ता देतो."

तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. दुकानदाराने जीभ चावली आणि खोका शोधण्याच्या निमित्ताने वाकला.

"पाठवाल्यांनी पसंत केलेत ना हे?" त्याने खालूनच विचारलं.

"मी केलेत."

तो वर आला, तिच्याकडे पाहिलं, आणि जोडी खोक्यात भरली.

पाठवाले म्हणजे तिचे बाबा. एके काळी गावभरच्या गाड्या त्यांच्या गॅरेजात यायच्या. बाबा बॉनेट उघडत नसत. मागच्या सीटवर बसत, डोळे मिटत आणि म्हणत, "चालवा." कोपऱ्यापर्यंत जाऊन गाडी परत आली की उतरून निकाल देत: मागचा डावा शॉकअप, पुढचं उजवं बुश. खोलून पाहावं तर तेच. बाकीचे मेकॅनिक आधी हसले, मग जळले, मग अडलेल्या गाड्या निमूट घेऊन यायला लागले. सहा वर्षांपूर्वी जॅकवरून एक गाडी घसरली आणि बाबांचं कमरेखालचं अंग गेलं. पाठ राहिली. पाठीतलं शहाणपण राहिलं. आणि एकोणचाळीस वर्षांची होऊनही छोटीच राहिलेली मुलगी राहिली.

मोठा भाऊ परगावी होता. तो फोनवर म्हणायचा, "तू आहेस म्हणून मला घोर नाही बघ." हे वाक्य ऐकून तिला फोन भिंतीवर आपटावासा वाटे. तुला घोर नाही, कारण तो सगळा माझ्या मानेवर बसलाय. पण ती म्हणायची, "ठेवते, त्यांना कूस बदलून द्यायचीय."

मंगळवार, गुरुवार, शनिवार. बाबांना उचलून तिच्या लहानशा लाल गाडीत मागे बसवायचं, दोन्ही बाजूंना उशा लावायच्या, पट्टा आवळायचा, व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं. हीच गाडी महिन्यातल्या एका रविवारी ट्रॅकवर धावायची. छोट्या गाड्यांचा गट, नंबर एकोणतीस. बाबांपाशी चार तास आत्या येऊन बसायची. हेल्मेट डोक्यात गेलं की कुणाची हाक ऐकू येत नसे. अख्ख्या महिन्यात तेवढाच वेळ तिचा होता.

हंगाम सुरू व्हायच्या आधी, एका गुरुवारी, बाबांनी मागच्या सीटवर डोळे उघडले.

"मागचे दोन्ही शॉकअप मरायला टेकलेत, छोटी. अशी वळणात शिरलीस तर शेपूट फिरेल."

घरी आल्यावर तिने गाडीचा मागचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा उसळली आणि जागेवर बसली. तिने दुसरा कोपरा दाबला. तीच तऱ्हा.

"मला तर ठीक वाटतायत, बाबा."

"हाताला मेलेला कळतो. मरायला टेकलेला पाठीलाच कळतो."

तिने विश्वास ठेवला. ज्या पाठीवर अख्खं गाव विश्वास ठेवत होतं, तिच्यावर घरच्यांनी ठेवायचा नाही? आणि मग निवड सुरू झाली. आठ महिने ती स्वस्तातले शॉकअप शोधत राहिली आणि आठ महिने बाबा नाक मुरडत राहिले. नवे स्वस्त आणले, तर महिन्यात गळतील. भंगारातले चांगले निवडले, तर दुसऱ्याच्या गाडीत काय काय सोसून आलेत कुणास ठाऊक. जुनेच उघडून तेल बदलून घेऊ म्हटलं, तर तसा कारागीर उरलाय कुठे? प्रत्येक वेळी बाबांचं म्हणणं रास्त वाटे. प्रत्येक वेळी एक रविवार जाई. ती घरी बसे, त्यांचं अंग पुसे, आणि अकराच्या सुमाराला, पहिली फेरी सुटायच्या वेळेला, हातातलं फडकं उगाच जोरात पिळे.

आता एकच रविवार उरला होता. अख्ख्या हंगामात एकदाही न धावणाऱ्याचा नंबर काढून रांगेतल्या पुढच्याला देत. रांग चार वर्षांची होती. चार वर्षांनी ती त्रेचाळीस वर्षांची असेल, आणि बाबा असेच असतील. त्यांनी तसंच असावं अशी तिची इच्छा होती. नव्हतीही. यातलं कुठलंही वाक्य आत्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

म्हणून या खेपेला तिने घरी विचारलंच नाही.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत तिने गाडी गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर घेतली. गॅरेज एके काळी बाबांचं होतं. आता मालक दुसरा होता आणि ती पगारी. मागच्या शॉकअपला दोनच बोल्ट, एक वर, एक खाली. डावा शॉकअप निघाला. तो भंगारात टाकायच्या आधी, निव्वळ सवयीने, तिने फरशीवर उभा धरून दाबला.

दांडा खाली गेला. अडखळला नाही, पोकळ लागला नाही. एकसारखा जोर देत गेला आणि तसाच वर आला. तिने अंगठा सीलवरून फिरवला. कोरडा, तेलाचा थेंब नाही. तिने पुन्हा दाबला. दहा वेळा दाबला. मग खाली उतरून उजवा काढला. तोही तसाच. या जोडीची अजून कित्येक वर्षं बाकी होती.

ती खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसली. पाठीची चूक झाली असेल, असं म्हणायला तिने तोंड उघडलंसुद्धा. पण त्या पाठीची चूक झालेली तिने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. आठ महिने. दर मंगळवारी, गुरुवारी, शनिवारी तो माणूस या दोन धडधाकट शॉकअपवर बसून दवाखान्यात गेला होता, आणि परत येऊन तिच्या हातची पेज पीत म्हणाला होता, "घाई करू नकोस, छोटी. चांगलेच घेऊ."

हातातला पाना तिने भिंतीवर फेकला. आवाज ऐकून मालक केबिनमधून डोकावला.

"काय झालं गं?"

"हातातून सुटला."

"भिंतीपर्यंत?"

व्हॅनचे शॉकअप खोक्यातून काढलेच नाहीत. जुनी जोडी होती तशी बसवली, बोल्ट आवळले आणि खोका डिक्कीत टाकला. बघू या, पाठ काय बोलते ते.

शनिवारी सकाळी तिने बाबांना उचललं. त्यांचा हात तिच्या मानेभोवती होता, नेहमीसारखा. सीटवर ठेवलं, उशा लावल्या, पट्टा आवळला. जरा जास्तच आवळला.

"शॉकअप बदलले काल," आरशात न पाहता ती म्हणाली.

"मला न विचारता?"

"तुम्हाला आठ महिने विचारलं."

"कुठले घातलेस?"

"व्हॅनचे. कडक आहेत. सांभाळून बसा."

शाळेपुढचा स्पीडब्रेकर आला. व्हॅनचे शॉकअप असते तर मागच्या माणसाला दणका बसून दात वाजले असते. गाडी मऊपणे चढली, मऊपणे उतरली, गेले आठ महिने उतरत होती तशी. आता तिने आरशात पाहिलं. बाबांनी डोळे मिटले होते. ओठ किंचित हलले. मग डोळे उघडले आणि ते सरळ आरशात, तिच्या डोळ्यांत पाहू लागले.

तिने नजर काढली नाही. समोर सिग्नल लाल होता, म्हणून बरं.

"कसे वाटतायत?" तिने विचारलं.

बाबांनी उजव्या हाताने उशीचा कोपरा चुरगळला. सरळ केला. पुन्हा चुरगळला. कुणाच्याही गाडीबद्दल त्यांनी आजवर असा वेळ लावला नव्हता.

"चांगले आहेत," ते म्हणाले.

"उद्या चालतील?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने भोंगा वाजवला. तिने गाडी हलवली नाही.

"चालतील," बाबा म्हणाले. "चल आता, लोक शिव्या देतायत."

ती निघाली. विचारावंसं वाटत होतं, का? आणि उत्तर ठाऊक होतं. ट्रॅकवर तिला काही झालं तर त्यांना कोण उचलणार होतं? की खुद्द तिलाच काही होईल, एवढीच भीती होती? या दोन्हींमध्ये फट किती, हे त्यांना तरी ठाऊक असेल का? दवाखान्याचं वळण आलं. ती नेहमीपेक्षा जोरात शिरली, आणि मागे खोका डिक्कीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन आदळला.

"डिक्कीत काहीतरी जड सरकतंय," बाबा म्हणाले.

तिने गिअर बदलला.

"उद्या जायच्या आधी काढून ठेव. ट्रॅकवर वजन नको."

"हो."

दवाखान्याच्या दारात तिने गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि पट्टा सोडायला वाकली. बाबा तिच्याकडे पाहत नव्हते. ते बसले होते त्या सीटवर त्यांनी तळवा टेकला होता. दाबून, चाचपून, निकाल द्यायच्या आधी पाहावं तसं.

"आणि हे मागचं सीटही काढ," ते म्हणाले. "अठरा किलो सहज भरेल. फुकटात त्याच्याइतकी सुधारणा दुसरी नाही. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं."

तिचा हात पट्ट्यावरच राहिला.

"चार बोल्ट आहेत," बाबा म्हणाले. "गंजलेत. रात्रभर तेल सोडून ठेव."

मग त्यांनी नेहमीसारखा हात वर केला. तिने मान पुढे केली. हात मानेभोवती पडला.

"सोमवारी विसरू नकोस फक्त," तिच्या कानाशी ते म्हणाले. "परत बसव. मंगळवारी दवाखाना आहे."