औषधात न धरलेलं तेल

मेली नागीण उठून गेली, फोडही सुकले, पण आमच्या ह्यांच्या पाठीत आग ठेवून गेली. अंगाला सदरा लागला तरी कळवळायचे. हे रात्रभर येरझारा घालणार आणि मी नुसती डोळे मिटून पडणार. झोप कुणाच्या बापाला येतेय? जीव नुसता विटला होता.

शेवटी आमच्या लेकीने, सृष्टीने, हिंजवडीतल्या ऑफिसात बसून मोबाइलवर कुठल्याशा वैद्यांना गाठलं, त्यांची चिठ्ठी घेतली आणि बाटली मागवली. वर लिहिलेलं, 'विजया तेल'.

"ही विजया कोण?" ह्यांनी विचारलं.

"भांगेला म्हणतात, बाबा."

"भांग? अगं, होळीला थंडाईचा पेला कधी तोंडाला लावला नाही मी!"

"मग बसा कण्हत," मी म्हटलं.

ह्यांनी जिभेखाली थेंब घेतले. तोंड कोरडं पडतंय म्हणून थोडे कुरकुरले आणि चक्क घोरायला लागले. मला रडूच आलं हो.

पण पुढे दात घासताना रक्त यायला लागलं, हातांवर काळेनिळे डाग. ह्यांच्या हृदयात कृत्रिम झडप, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची. कोथरूडच्या आमच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला.

"रक्त भलतंच पातळ झालंय. मेंदूत रक्तस्राव झाला असता! दुसरं कुठलं औषध घेता का?"

"छे!" हे म्हणाले.

"अहो, आणि ते तेल?" मी विचारलं.

"ते आयुर्वेदिक आहे!" हे माझ्यावरच डाफरले. "ते कुठे औषधात धरायचं?"

मी सांगून टाकलं. विजया म्हणजे काय, तेही.

"आयुर्वेदिक असलं तरी लिव्हरमधूनच जातं ना?" डॉक्टर म्हणाले. "तेलामुळे लिव्हरचं काम अडतं, मग गोळी बाहेर पडत नाही, रक्तातच साठत जाते. तेल आजपासून बंद."

सुटले मी! जीव वाचला ह्यांचा.

"बंद," हे म्हणाले. मग एवढा तापट माणूस, पण डॉक्टरांचा हात धरून विचारायला लागला, "मग मी झोपू कसा हो?"

'जीव वाचला ना, मग आणखी काय पाहिजे?' असं खडसावायला मी तोंड उघडलं. पण खरं सांगू? मलाही तेच विचारायचं होतं.