मठाच्या फरशीतले जाते

मित्रांनो, मी मुठीत मावेल एवढा काळा, जाळीदार दगड आहे. पूर्वी मी एका जात्याचा खालचा दगड होतो, आता त्याचा तुकडा उरलो आहे. माझ्या नावावर पराक्रम काहीच नाही. मी जागेवर बसून राहिलो. पण माझ्यापाशी बसून दळणाऱ्या दोन बायकांची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म ऱ्हाईन नदीकाठच्या खाणीतला. तिथल्या पाथरवटाने मला गोल घडवले, टाकी लावली आणि लोकर घेऊन आलेल्या नावेत परतीच्या वाटेवर चढवून समुद्रापलीकडे इंग्लंडला धाडले. विलोबेक गावच्या हावीसच्या घरी, चुलीशेजारी, मी आणि माझा वरचा जोडीदार बसलो.

विलोबेक मठाच्या मालकीचे होते; मठाच्या परवानगीशिवाय गाव सोडायचीही कुणाला मुभा नव्हती. जमीन मठाची, नदी मठाची, नदीवरची पाणचक्की मठाची. गावाने तिथेच दळायचे आणि पिठाचा सोळावा वाटा तिथेच ठेवून यायचा, असा नियम होता. घरात जाते ठेवणे हा गुन्हा. तरी बऱ्याच घरांत एखादे असायचेच. हावीस मला पोत्याखाली झाकून ठेवायची, आणि दळताना घरघर ऐकू जाऊ नये म्हणून बदकांना मोठमोठ्याने हाका मारायची. तिच्याकडे बदके दोनच होती.

मग तेराशे पंधरा साल उजाडले. उन्हाळाभर आभाळ गळत राहिले. सातू शेतातच कुजले, मेंढ्या मेल्या, नदी फुगली आणि पाणचक्की चिखलात रुतून बसली. चक्की बंद पडली, पण नियम चालूच राहिला. तेव्हा हावीसने माझ्यावरचे पोते काढून फेकले आणि दार सताड उघडे ठेवले. ज्याच्या घरी जाते नाही त्याने यावे. लोक वाटाणे घेऊन आले, ओकची फळे घेऊन आले, कुणी तर झाडाची वाळलेली साल आणली. हावीसच्या तळहातांना फोड आले, ते फुटले, पुन्हा आले.

"तुझ्या हाताला लागलेलं पीठ तरी ठेवून घे की गं," शेजारीण एकदा म्हणाली.

"हात तुझ्याच भांड्यात झटकते," हावीस म्हणाली. "वाटा घ्यायला मी काय मठ आहे?"

त्या वर्षी सालीबरोबर आलेल्या एका खड्याने माझा काठ बोटभर उडाला. त्या जखमेचा मला अजून अभिमान वाटतो.

सोळा वर्षांनी मठात नवे मठाधिपती आले आणि त्यांनी गावातली सगळी जाती जप्त करायचा हुकूम काढला. मठाचा कारभारी ब्रदर ओस्बर्न बैलगाडी घेऊन घरोघर फिरू लागला. हावीस तेव्हा खाटेला खिळली होती. दळायला तिची सून एमट बसायची. एमट अठरा वर्षांची होती आणि पोटुशी होती. ओस्बर्न दारात आला, तशी ती मला मिठी मारून बसली.

"ऊठ पोरी. नियम तुला माहीत आहे."

"नियम माहीत आहे, महाराज. दुष्काळात तुमची चक्की कुठे होती, ते तेवढं माहीत नाही."

ओस्बर्नने मान खाली घातली. "मला वरून हुकूम आहे."

"सोड त्याला, एमट," हावीस खाटेवरून म्हणाली. "दगडापायी पोर गमावशील. आणि महाराज, नेताय तर जपून न्या. त्यानं अर्धं गाव जगवलंय."

माझा जोडीदार गाडीतून उतरवताना पडला आणि फुटला. मला मठाधिपतींच्या बैठकीच्या खोलीत नेऊन फरशीत बसवले. माझ्याशेजारी गावाची इतर जाती बसवली. कुणी गावकरी अर्ज घेऊन आला की त्याला आपल्याच जात्यावर उभे राहून हात जोडावे लागत.

असा मी पन्नास वर्षे पायांखाली पडून होतो. जगाची बातमी मला पावलांवरून कळे. फ्रान्सशी युद्ध सुरू झाले तेव्हा लोखंडी बूट आले. पुढे प्लेगची साथ आली आणि पावले एकेक करून कमी झाली. ओस्बर्न म्हातारा झाला होता, तरी रोज गावात रोग्यांना पाणी पाजायला जाई. एके सकाळी त्याचीही पावले आली नाहीत. माझा त्याच्यावर राग होता. त्या दिवशी तो रागही गेला.

साथीत निम्मे गाव मेले. शेते तेवढीच राहिली, राबणारे हात मात्र थोडे उरले. मग ते हात बोलू लागले. जास्त मजुरी द्या, नाहीतर आम्ही चाललो दुसऱ्या गावाला! माझ्या डोक्यावर बसून जमीनदार चरफडत. त्यांनी मजुरी जुनीच ठेवायचा कायदा केला. वर युद्धासाठी डोईपट्टी बसवली, तीही चार वर्षांत तीनदा.

तेराशे एक्याऐंशीच्या जून महिन्यात शेतकऱ्यांचा संयम संपला. हजारो माणसे लंडनवर चालून गेली. आमचे विलोबेकही उठले. छपरे शाकारणारा थर्स्टन पहार घेऊन पुढे, गाव मागे, असे सगळे भर दुपारी मठात शिरले. साधूंना कुणी बोट लावले नाही. ते सरळ बैठकीत आले आणि फरशी उखडू लागले. त्या गर्दीत एक म्हातारी गुडघ्यांवर बसून प्रत्येक दगडाचा काठ चाचपत होती. माझ्या तुटक्या काठावर तिचे बोट थांबले.

"हे आमचं," एमट म्हणाली.

"थांब आजी, घरी नेऊन देतो," थर्स्टन म्हणाला.

"वरचा दगड नाही, नेऊन करू काय? फोड."

"अगं, पन्नास वर्षांनी मिळालंय!"

"म्हणूनच म्हणते, फोड. माझ्या सासूनं दुष्काळात जेवढ्या घरांना दळून दिलं, तेवढे तुकडे कर."

"किती घरं होती ती?"

"इथं उभे आहेत ते सगळे धर."

पहिला घाव बसला तेव्हा मला दुखले, खोटे कशाला सांगू? पण चर्चमध्ये रविवारी आशीर्वादाची भाकरी वाटतात, तसे आम्हाला हातोहात वाटले गेले. लोकांनी आम्हाला ओठांना लावले. पीठ देऊनही एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

महिनाभरात राजाचे सैनिक आले. थर्स्टनला फाशी दिले. तो शेवटपर्यंत कुणाचे नाव बोलला नाही. मग जात्यांचे तुकडे परत करा असा हुकूम निघाला आणि एक अधिकारी घरोघर फिरू लागला.

"म्हातारे, तुकडा कुठे आहे?"

"खाल्ला," एमट म्हणाली.

"दगड खाल्लास?"

"प्रसाद म्हणून वाटला होता, साहेब. प्रसाद कुणी सांडतं होय?"

अधिकाऱ्याने तिच्या तोंडाकडे पाहिले. त्यात दोनच दात होते. तो निघून गेला. मी तेव्हा तिच्या चुलीमागच्या भिंतीत, काजळीखाली होतो.

बंड मोडले. बंडाच्या वेळी राजाने शेतकऱ्यांना लिहून दिलेली वचने त्यानेच फाडली. पण त्याच हिवाळ्यात एमटचा नातू मठाची परवानगी न घेता शेजारच्या गावी चांगल्या मजुरीवर गेला, आणि त्याला धरून आणायला कुणीही आले नाही. पुढच्या वर्षी आणखी चौघे गेले.

मित्रांनो, राजांच्या तलवारी काचेच्या कपाटात जपल्या जातात. त्या जपाव्यातच. पण एखाद्या अंगणात झिजलेले जाते पडलेले दिसले, तर त्याची पायरी करू नका. त्याच्यावरून एकदा हात फिरवा आणि ते कुणी झिजवले, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. नाव आठवणारे कुणी आहे, तोवरच विचारा. माझ्या बायकांची नावे हावीस आणि एमट.