भरून ठेवलेल्या बादल्या

आईला पुरलं त्या दिवशी कबरीपाशीच नोएमी सगळ्यांदेखत म्हणाली, "ताईच्या हाताला यश नाही. तिच्या हातात काही जगत नाही." ही माझी सख्खी धाकटी बहीण. अकरा वर्षं आईचं हगणं-मुतणं मी काढलं. ही खालच्या मजल्यावर राहून रविवारी गोड पाव घेऊन वर यायची. तरी मी गप्प बसले. माझं नेहमी तेच चुकतं.

वर्षभरानं, मार्च उजाडल्यावर, मी काचेची टाकी आणली आणि आईचा पलंग होता तिथे मांडली. बारा गप्पी मासे, लाल शेपट्यांचे. हौस-बिस काही नव्हती. बारा जीव माझ्या हातात जगतात हे मला नोएमीला दाखवायचं होतं.

मासे विकणारा म्हातारा क्रिसोफोरो खडूस, पण माहितगार. म्हणाला, "नव्या टाकीत मासे आपल्याच घाणीनं मरतात, बाई. दोन महिने तरी दर चार दिवसांनी पाव पाणी काढ, तेवढंच नवं घाल. गढूळ दिसलं तर अर्धं. आणि नळाचं थेट ओतलंस तर माझ्याकडे रडत यायचं नाही. दोन दिवस उघड्या बादलीत ठेव, क्लोरीन उडून जाऊ दे."

आमच्याकडे नळाला पाणी मंगळवारी आणि शनिवारी येतं. मंगळवारी मी दोन बादल्या गच्चीवर भरून ठेवायची. त्यांना हात लावू नकोस, हे नोएमीला तीनदा बजावलं होतं. "माशांचे लाड बघा!" ती म्हणायची. पण महिना झाला, बाराच्या बारा जिवंत होते.

मग ईस्टरच्या आधीचा शनिवार आला. त्या दिवशी आमची गल्ली एकमेकांना भिजवते. पाणी वाया घालवल्यास दंड, असा बोर्ड लावलाय, त्यालाही भिजवते. मी तोर्तिया, मक्याच्या पातळ भाकऱ्या, घेऊन परतत होते, तेवढ्यात वरून नोएमी ओरडली, "ताई, वर बघ!" बघितलं, तर अख्खी बादली डोक्यावर. पाठोपाठ तिच्या नवऱ्यानं, एवारिस्तोनं, दुसरी ओतली. तोर्तियांचा लगदा झाला. मी तांब्या घेऊन जिन्यातून तिच्या मागे धावले, तिला गाठलं, आणि दोघी ओल्याचिंब होऊन पायरीवर बसून पोट धरधरून हसलो. "आई असती तर दोघींना झोडपलं असतं," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

रविवारी माझं नाक चोंदलेलं. टाकीतलं पाणी गढूळ दिसलं, म्हणून अर्धं काढलं आणि गच्चीवरच्या दोन्ही बादल्या आणून ओतल्या. तासाभरात मासे वर येऊन तोंडं वासू लागले. दुपारी नोएमी आणि एवारिस्तो जेवायला आले तेव्हा बाराही आडवे तरंगत होते.

"अगं बाई, हेही गेले?" नोएमी म्हणाली. हेही. मग माझ्या पाठीवर हात फिरवत, "जाऊ दे ताई, एकेकाला नाही जमत."

एवारिस्तो तोंडात घास घेऊनच बोलला, "पण पाणी तर आम्ही काठोकाठ भरून ठेवलं होतं! काल तुझ्याच बादल्या घेतल्या ना खेळायला. तू ओरडशील म्हणून हीच म्हणाली, नळ चालू आहे तोवर पटकन भरून जागच्या जागी ठेव."

नोएमीनं त्याला चिमटा काढला, तो मला दिसला. "पाणीच ते," ती म्हणाली. "पाण्यात काय फरक?"

सोमवारी तोर्तियांच्या रांगेत शेजारच्या एउफ्रासियाबाईंनी विचारलं, "मासे गेले म्हणे? नोएमी सांगत होती. जास्त खायला घातलंस का गं?"

"हो," मी म्हणाले.

खरं कारण सांगायचं तर हेही सांगावं लागलं असतं, की माझ्या माशांचं पाणी माझ्याच डोक्यावर ओतलं गेलं तेव्हा मी हसत होते, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदाच मला माझी बहीण आवडली होती.