बेंबीमागची पिशवी

पहिल्यांदा प्रांजलला लालभडक शी झाली, तेव्हा तिच्या बापानं, बिरदेवनं, तिलाच दटावलं होतं. माणच्या माळावर पोरं निवडुंगाची बोंडं खातात, मग असं व्हायचंच. सहा वर्षांची पोर "मी न्हाई खाल्ली" म्हणत राहिली. तिकडं मेंढरं पांगलेली; तो तसाच पुढं निघून गेला.

आठ दिवसांत पोर पांढरीफटक पडली. दहिवडीहून साताऱ्याला नेली, तिथून सांगलीला. दोनदा रक्त चढवलं. तोंडावाटे दुर्बीण झाली, खालून झाली, स्कॅन झाला. सगळं नीट होतं. पोट दुखत नव्हतं, ताप नव्हता, आणि तरी शीवाटे पुन्हा रक्त गेलंच.

लहान मुलांच्या सर्जन डॉक्टर प्रियदर्शनी स्टूल ओढून खाटेशी बसल्या. "बेंबीतून कॅमेरा घालून आत बघावं म्हणते."

"आवं, सगळं नीट हाय म्हंता," बिरदेव म्हणाला, "मग प्वाट कशापायी फाडायचं?"

"फाडायचं नाही. ज्वारीच्या दाण्याएवढी दोन-तीन भोकं. कोकराची नाळ वाळून गळते ना? तशी आईच्या पोटात बाळाच्या बेंबीपासून आतड्यापर्यंत एक नळी असते. जन्माआधी ती विरून जाते. एखाद्याची पुरती विरत नाही, आतड्याला पिशवी राहते. कधी कधी त्या पिशवीत जठरासारखं आम्ल पाझरतं आणि शेजारचं आतडं सोलवटतं."

"हिला ती हाय?"

"असावी. बघितल्याशिवाय छातीठोक सांगणार नाही."

बिरदेवला ते बरं वाटलं. मेंढरांच्या बाजारात छातीठोक बोलणाऱ्यापासून तो चार हात लांबच राहायचा. त्यानं बायकोकडं पाहिलं.

"सही करा," सारिका म्हणाली. "वाट बगून रगात थांबतंय व्हय?"

सकाळी पोरीला आत न्यायच्या आधी तो तिच्या कानाशी वाकला. "तू बोंडं खाल्ली नव्हतीस. मीच उगं बोललो."

"मग, मी काय सांगत हुते?" प्रांजल म्हणाली आणि नर्सबाईच्या कडेवर बसून गेली.

दीड तास बिरदेव जिन्यापाशी उभाच होता. सारिकानं आणलेला चहा दोनदा निवला. डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी आधी होकारार्थी मान हलवली, मग बोलल्या, "होती. तेवढा तुकडा काढून आतडं जोडलंय. पोर ठीक आहे."

त्यानं पिशवी बघायला मागितली. बाटलीत बोटाच्या दोन पेरांएवढं काहीतरी होतं, बुडाशी लाल जखम. सारिकानं तोंड फिरवलं. तो मात्र बराच वेळ बघत राहिला. जत्रेत बकरी सोलताना त्यानं किती आतडी हाताळली होती, पण असलं काही कधी दिसलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मऊ भात खाऊन प्रांजल घरी आली. तीन महिन्यांनी तपासणीला नेली, तेव्हा अंगात रक्त चांगलं भरलं होतं.

"शी कशी होते गं आता?" डॉक्टरांनी विचारलं.

प्रांजलनं आईच्या पदरात तोंड लपवलं.

"आता कुनाला सांगत न्हाई," बिरदेव म्हणाला. "पैलीत गेलीया. लाजती."