हात पुढे, आवाज मागे

मित्रांनो, माझ्या झाकणावर ओरखडा आहे, दोन बटणं निखळली आहेत आणि माझा पंखा सुरू झाला की शेजारच्यांना पिठाची गिरणी चालू झाल्यासारखं वाटतं. दिवा स्टेशनजवळच्या एका आगरी घरातला मी जुना लॅपटॉप. जुना म्हटलेलं मला चालतं. डबडा म्हटलं की मात्र माझं डोकं तापतं, आणि तापलं की मी सरळ बंद पडतो!

करिश्मा कॉलेजात गेली तेव्हा तिच्या बाबांनी मला डोंबिवलीच्या दुकानातून आणलं. पहिल्या दिवशी मला फूल वाहिलं, पेढा दाखवला. तिचे सगळे प्रोजेक्ट मी केले, नोकरीचे अर्ज मी पाठवले. मग घरात मोठमोठे फोन आले आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तीन वर्षं मी धूळ खात पडलो होतो. कोणी साधं फडकंसुद्धा फिरवलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

मला खाली काढलं ते हौसाबाईंच्या गाण्यांसाठी. हौसाबाई म्हणजे करिश्माची आजी, गावची धवलारीण. आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई. हौसाबाईंची स्वतःची एक रीत होती. ताटात पाच विड्याची पानं मांडायची, एकेक पान एकेका नात्याचं. गाण्यात मामाचं नाव आलं की मामाच्या पानावर हळद, आत्याचं आलं की आत्याच्या. ज्याच्या पानावर हळद पडली तो पुढे येऊन नवरदेवाला हळद लावणार. यात चूक झाली तर मांडवातच मानपानावरून जुंपते.

गेल्या वर्षी करिश्माचा भाऊ कमलेश याने आजीची सगळी गाणी फोनवर टिपली. सलग सत्तर मिनिटं. आजीने आधीच दटावलं होतं, "माजा तोंड नको काढूस, हात काढ. धवला हातान असतंय." म्हणून चित्रात फक्त ताट, पानं आणि तिचे हिरव्या बांगड्यांचे हात. नंतर दोनच महिन्यांत आजीला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. लिहिणं तर ती कधी शिकलीच नव्हती.

मग करिश्माने ठरवलं की धवले आपण म्हणायचे. फोनवर पानं बारीक दिसतात, म्हणून तो व्हिडिओ माझ्यावर घेतला आणि चार महिने रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसली. शब्द पाठ, हात पाठ. शेवटी एक गंमत व्हायची. चित्र संपून जायचं आणि गाणं पुढे काही वेळ चालूच राहायचं. "अटकला परत!" म्हणून मला टपली बसायची. मित्रांनो, मी अडकत नव्हतो हो! पण माझं ऐकतो कोण?

आणि तो दिवस उजाडला. गल्लीतल्या हर्षितची हळद होती, चार वाजता. करिश्मा पहिल्यांदाच धवलारीण म्हणून उभी राहणार होती. हर्षितच्या घरच्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "जमत नसेल तर आताच बोल, आम्ही डीजे लावतो." म्हणजे ती चुकली असती तर गावात पुन्हा धवल्यांना कोणी विचारलं नसतं.

सकाळी नऊ वाजता तिने आजीसमोर ताट मांडलं. पहिली गाणी छान झाली, आजी मान डोलवत होती. अर्ध्यानंतर तिचा चेहरा बदलला. पाचव्या गाण्यापासून ती डाव्या हाताने खाट ठोकायला लागली. शेवटच्या गाण्यात तर ती घशातून ओरडली. करिश्मा रडायलाच लागली.

"आजीला मी आवडत नाय रे! तिला नकोय मी गायलेलं."

"अगं येडी, असं काय बोलतेस?" कमलेश म्हणाला. "काय चुकलं ते बघ ना आधी."

पुन्हा तेच गाणं. "ये रं मामा, हलदीला ये," करिश्मा गायली आणि हळद घेऊन हात नेला आत्याच्या पानावर. आजीने डावा हात झटकन पुढे करून तिचं मनगट धरलं आणि ओढत मामाच्या पानावर आणलं.

"पण व्हिडिओत तर इथे आत्याचंच पान आहे!" करिश्मा म्हणाली. "मी शंभर वेळा बघितलाय!"

झालं. दोघं माझ्याकडे वळली.

"या डबड्यानेच घोळ केलाय," कमलेश म्हणाला. "म्हातारा झालाय, आवाज मागे पडतोय." मला इतका राग आला म्हणता! त्याने आवाज चौदा सेकंद पुढे ओढला. शेवटचं गाणं जुळलं, पण पहिलं पार बिघडलं. मग करिश्माने एक शहाणपणाची गोष्ट केली. प्रत्येक गाण्याआधी आजी पाटावर सुपारी ठोकायची. ठोक्याचं चित्र आणि ठोक्याचा आवाज यांत किती अंतर पडतं ते ती मोजत गेली. सुरुवातीला काहीच नाही. पस्तिसाव्या मिनिटाला सात सेकंद. शेवटी चौदा. फरक हळूहळू वाढत होता. तोच व्हिडिओ कमलेशच्या कोऱ्या फोनवर लावला, तिथेही अगदी तेवढाच फरक!

आता कमलेशचं तोंड बघण्यासारखं झालं. "करिश्मा... मी ना, फोनमध्ये जागा नव्हती म्हणून तो व्हिडिओ बारीक करून घेतलेला. ओरिजिनल उडवला मी."

भानगड अशी होती. व्हिडिओ म्हणजे भराभर पालटणारी चित्रं. फोनने सेकंदाला तिसाहून किंचित कमी चित्रं काढली होती. बारीक करणाऱ्या ॲपने ती पुरी तीस धरली. त्यामुळे चित्रं जरा लवकर पळत संपायची आणि आवाज आपल्या चालीने यायचा. तोंड दिसत असतं तर ओठांवरून पहिल्याच दिवशी कळलं असतं. नुसत्या हातांवरून कोणाला कळणार? आजीचे शब्द मामाला बोलवत होते, तोवर चित्रातला हात आत्याकडे पोचलेला असायचा. बिचारी करिश्मा चार महिने चूक घोटत होती.

"सगळी चित्रं जराशी सावकाश करायला लागतील," कमलेश म्हणाला. "दोन तास लागतील याला. टिकेल का हा?"

अकरा वाजले होते. मी कामाला लागलो. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी घाबरलो होतो. तीन वर्षांची धूळ पोटात, पंखा घरघरतोय, अंग भाजतंय. निम्म्यावर बंद पडलो असतो तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं आणि तेवढा वेळ उरला नव्हता. करिश्माने मला दोन पालथ्या वाट्यांवर ठेवलं, टेबलफॅन लावला आणि माझ्या शेजारी बसून राहिली. "चल रे बाबा, आज नको पडूस," ती म्हणत होती. एवढ्या वर्षांत ती पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

एक वाजून दहा मिनिटांनी काम झालं. शेवटची सुपारी ठोकली आणि ठोका तिथेच वाजला. कमलेशने मला चक्क हात जोडले. करिश्माने हात नव्याने बसवायला घेतले. तीनदा चुकली. चौथ्यांदा रडकुंडीला आली. साडेतीनला ती ताट घेऊन निघाली तेव्हाही शेवटचं गाणं तिला एकदाच बिनचूक जमलं होतं.

माझं झाकण मिटायचं कोणाच्या लक्षात राहिलं नाही. घरात खाटेवर हौसाबाई आणि समोर मी. गल्लीच्या टोकाला मांडव होता, भोंग्यातून करिश्माचा आवाज येत होता. आजी हलत नव्हती. मीही पंखा रोखून धरला. शेवटचं गाणं आलं. मामाचं नाव आलं, मग आत्याचं. मांडवात गडबड नाही, भांडण नाही. पाची नावं झाली आणि नवरदेव हळदीने माखल्यावर उसळतो तसा बायकांचा एकच हशा उसळला.

तेव्हा मी हौसाबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण गाण्याचा प्रत्येक शब्द त्यांच्या ओठांवर होता. भोंग्यातला आवाज आणि ते ओठ यांत एका क्षणाचाही फरक नव्हता.

मित्रांनो, आमच्यासारख्यांवरची धूळ अधूनमधून झटका, एवढंच माझं मागणं आहे. आणि घरातल्या कोणाचं काही टिपून ठेवलंत, तर ते त्यांच्याच शेजारी बसून अगदी शेवटपर्यंत बघा. चुकलं असेल तर त्यांना बोलता येतंय तोवरच विचारून घ्या.